नोकरी बदलली की पीएफ मागोमाग जातो, मग लेकराची पोटगी का नाही?

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं पगाराचं काम बघते. पीएफ, व्यवसाय कर, सोसायटीचा हप्ता या कपातींच्या रांगेत काही जणांच्या नावापुढे आणखी एक कपात असते, कोर्टाच्या आदेशाची. लेकराची पोटगी. ती बापाच्या हातात न पडता परस्पर जमा होते. तो माणूस आमच्याकडे आहे तोवर एकही महिना चुकत नाही. आईला फोन करावा लागत नाही की कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

मग तो राजीनामा देतो. हैदराबादला, रायपूरला किंवा बंगळूरला बरी नोकरी मिळालेली असते. त्यात गैर काहीच नाही, आपल्याकडची पोरं पोटासाठी बाहेर जातातच. त्याचा हिशेब पूर्ण होतो, रिलिव्हिंग लेटर मिळतं आणि कोर्टाचा आदेश आमच्या कपाटातल्या फाइलमध्ये पडून राहतो. आदेश आमच्या कंपनीला होता, नव्या कंपनीला त्याचा पत्ताच नसतो. पुढच्या महिन्यात आईचा फोन येतो, "मॅडम, या महिन्याचे पैसे काहून नाही आले जी?" तो कुठे गेला हे मला ठाऊक असलं तरी तिला सांगायची मुभा नसते.

त्याच माणसाचा पीएफ मात्र त्याच्या मागोमाग जातो. 2014 पासून यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खातेदार क्रमांक आहे, बारा आकडी, नोकरी बदलली तरी तोच. गाडीच्या कर्जाचा हप्ता कुठल्याही राज्यातून वेळेवर कापला जातो, कारण बँक सोडत नाही. लेकराच्या पैशाला तेवढी वाट कुणी करून दिलेली नाही. माणूस शोधायचा आईनेच, कंपनीचं नाव काढायचं तिनेच आणि नवा अर्जही तिनेच करायचा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. फी, ऑटो, वह्या-पुस्तकं हे सगळं तेव्हाच येतं. कोर्टाची पुढची तारीख येईपर्यंत शाळा थांबत नाही.

कायदा अगदीच लुळा आहे असं नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं, 1 जुलै 2024 पासून. कलम 147 सांगतं की पोटगीच्या आदेशाची अंमलबजावणी बाप जिथे असेल तिथला कुठलाही दंडाधिकारी करू शकतो. आदेशाची प्रत आईला फुकट मिळते. म्हणजे नागपूरचा आदेश हैदराबादलाही चालतो. थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. दिवाणी मार्गाने वसुली केली तर पोटगीसाठी पगाराचा दोन-तृतीयांशापर्यंतचा हिस्सा जप्त होऊ शकतो. इतर देण्यांसाठी एवढा कापता येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात तर मालकाने थेट पैसे द्यावेत असा आदेश काढायची सोय आहे. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, दोन्ही पक्षांनी उत्पन्नाचं शपथपत्र द्यायचं, हा 4 नोव्हेंबर 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या नागपूरच्याच कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणातला आहे.

पण हे सगळं आईने दार ठोठावल्यावर. आपणहून काहीच हलत नाही.

अमेरिकेत 1996 च्या कायद्यापासून प्रत्येक मालकाला नवा माणूस घेतल्यावर साधारण 20 दिवसांत राज्य सरकारला कळवावं लागतं. ती माहिती देशभरच्या नोंदीत जाते, पोटगीच्या प्रकरणांशी ताडली जाते आणि कपातीचा आदेश नव्या मालकाकडे पोचतो, तो दुसऱ्या राज्यात असला तरी. तिथेही थकबाकी राहते, पण बापाला शोधायचं काम एकट्या आईच्या डोक्यावर नसतं.

आपल्याकडे याहून सोपं होऊ शकतं असं मला मनापासून वाटतं. नवीन माणूस रुजू होताना आम्ही पीएफचा फॉर्म 11 भरून घेतो, त्यात जुना यूएएन असतो. पोटगीचा आदेश त्या क्रमांकाशी जोडा. तो क्रमांक नव्या कंपनीत उघडला की कपात आपोआप दिसू दे. पीएफ नसलेले, हातावर पोट असलेले बाप यात येणार नाहीत, हे मान्य. जे येतील त्यांची लेकरं तरी सुटतील.

बापांबद्दलही बोललं पाहिजे. सगळे पळ काढणारे नसतात. कित्येकांचा नव्या ठिकाणचा पहिला पगार उशिरा होतो, जुनं पगारखातं रिकामं राहतं आणि दर महिन्याला पोटगी पाठवायची बँकेला दिलेली सूचना परत जाते. अशांनी राजीनाम्याआधी सूचना नव्या खात्यावर वळवावी आणि आईला लेखी कळवावं. पगार खरंच घटला असेल तर कलम 146 खाली रक्कम बदलून मागता येते. आपल्या मनाने थांबवता येत नाही.

आयांनो, थकबाकी साचू देऊ नका. 144 खालचा वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. गोडीगुलाबीने वाट बघण्यात महिने हातचे जातात. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला आणि मुलाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आणि माझ्यासारखं पगाराचं काम करणाऱ्यांना हात जोडून विनंती. असा माणूस सोडून गेला की ज्या कोर्टाचा आदेश आहे, त्या कोर्टाला लगेच लेखी कळवा: अमुक तारखेला नोकरी सोडली, शेवटची कपात अमुक महिन्याची. मी पाठवते. त्या पत्राची पोच फाइलला लावूनच त्याचा शेवटचा हिशेब मंजुरीला वर जातो.