‘दोन बटणांच्या कामाला तीन दिवस’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. तीन दिवस तुमच्या हातात फोन नव्हता, त्याचा त्रास झाला. मनापासून माफी मागतो. काउंटरवरचा मुलगा ‘उद्या मिळेल’ म्हणाला, ते त्याने म्हणायला नको होतं. ती चूक आमची.

पण तुम्ही लिहिलंय, ‘स्क्रीन नुसती काळी झाली होती. दोन बटणं दाबून होणाऱ्या कामाला यांनी तीन दिवस लावले आणि २,३०० रुपये घेतले.’ साहेब, हे वाचून रात्री झोप आली नाही.

ती दोन बटणं शुक्रवारी संध्याकाळी तुमच्यासमोरच दाबली होती. काही झालं नाही. मग वहिनींच्या नंबरवरून रिंग दिली, ती वाजली. काचेवर तिरका टॉर्च मारला तेव्हा घड्याळाचे आकडे पुसट दिसले, तेही तुम्हाला दाखवले. म्हणजे फोन चालू होता, चित्र येत होतं, फक्त स्क्रीनच्या मागची लाइट गेली होती. तिथे बटणं दाबून काय होणार? फोन हँग झाला असेल तर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दहा-पंधरा सेकंद एकत्र धरलं की बहुतेक वेळा उठतो. तसे फोन माझ्याकडे रोज एक-दोन येतात. त्याचा मी आजवर एक रुपया घेतलेला नाही. बॅटरी पार उतरलेला फोन अर्धा तास चार्जरला लावून चालू करून देतो, त्याचेही घेत नाही. शेजारच्या दुकानांत विचारून बघा.

आता तीन दिवसांचं सांगतो, कारण तेच मनाला लागलंय. शुक्रवारी सव्वासातला फोन जमा झाला. त्याच रात्री साडेनऊला मी स्वतः उघडला. सिमच्या खाचेजवळचं पांढरं स्टिकर लाल झालेलं होतं. ते पाणी लागल्याशिवाय लाल होत नाही. डिस्प्लेच्या कनेक्टरवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरली होती. चार्जिंगच्या पोर्टातून मी पिनेने तांदळाचा कण काढला. तुम्ही मात्र ‘आपोआप काळा झाला’ एवढंच सांगितलं होतं. भिजल्याचं तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्हाला पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं की हे एका दिवसाचं काम नाही. ओला फोन तांदळात ठेवून काही होत नाही, उलट भुकटी आत जाते. ॲपलनेही आयफोनच्या सूचनांमध्ये तांदळात ठेवू नका असंच म्हटलंय. आणि त्याहून वाईट म्हणजे ओला असताना चार्जिंगला लावणं. पाण्यात करंट गेला की कनेक्टरच्या पिना गंजून खाल्ल्या जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं, तेव्हा माझ्या टेबलावर ओल्या फोनांची रास लागली होती. ज्यांनी लगेच बंद करून आणले त्यांचे बरेचसे वाचले. घरी चार्जरला लावून बघितलेले बहुतेक गेले. हे मी तिथे शिकलोय, व्हिडिओ बघून नाही.

रात्री आयपीएने (सफाईच्या अल्कोहोलने) बोर्ड धुतला, ब्रशने कनेक्टर साफ केला, वाळत ठेवला. शनिवारी सकाळी लाइट आली. पण पॅनेलच्या आत पाणी गेलेलं, पांढरे डाग, आणि खालच्या अर्ध्या भागात टच नाही. फोल्डर, म्हणजे डिस्प्ले आणि टचची अख्खी काच, बदलावाच लागणार होता. ११ वाजून १० मिनिटांनी वहिनींच्या नंबरवर फोटो आणि रक्कम पाठवली: फोल्डर १,९००, सफाई ४००. नंतर चार वेळा फोन केला, उचलला नाही. ‘बदला’ हा मेसेज आला रविवारी संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी. साहेब, हे साडेएकतीस तास फोन माझ्याकडे तुमच्या होकारासाठी थांबला होता. तुम्हाला न विचारता १,९०० चा माल लावला असता तर तुम्ही आणखी कडक लिहिलं असतं, आणि ते बरोबरच असतं. रविवारी सगळं मार्केट बंद. सोमवारी कोल्हापूरहून फोल्डर मागवला, तो दुपारी एकला हातात पडला. बसवून, रबर लावून गम धरायला तीन तास ठेवला, साडेसहाला तुम्हाला दिला. घाईत दिला असता तर आठवड्यात कडेने उचकटला असता.

तुमच्या मुलीचे फोटो आत होते आणि बॅकअप नव्हता, हे वहिनींनी मेसेजमध्ये लिहिलं होतं. एकही फोटो गेलेला नाही, हे रिव्ह्यूत कुठेच आलं नाही.

दुकान लहान आहे. दोन मुलं कामाला आहेत, जागा भाड्याची आहे. नवीन गिऱ्हाईक आधी स्टार बघतं, मग पायरी चढतं. यापुढे पावतीवर अंदाजे वेळ आणि ‘फोन भिजला होता का’ हे लिहून घेणार आहोत, बाकीही सुधारणा चालू आहेत.

तुमचा जुना फोल्डर आणि ते लाल झालेलं स्टिकर पाकिटात घालून, वर तुमचा पावती नंबर लिहून ठेवलंय. केव्हाही या, टॉर्च मारून परत दाखवतो. नवीन फोल्डरला तीन महिन्यांची गॅरंटी आहे, पावती जपून ठेवा. आणि जमलं तर रिव्ह्यूत शनिवार-रविवारचं तेवढं लिहा.