मताआधी पोचलेली बातमी

२०२६च्या जानेवारीत, महापालिका निवडणुकीच्या आठवड्यात, पुण्यातल्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुनाच वाद पुन्हा पेटला. एकाचं म्हणणं, पेपर आणि चॅनेलवाले त्यांना हवं तेवढंच दाखवतात, तेव्हा बातम्या बघणंच सोडून द्यावं. दुसरीचं म्हणणं, मोबाइलवर सगळं पडलेलं आहे, ज्याचं त्यानं शोधून घ्यावं. झुरिकमध्ये बसून अशा वादात तोंड घातलं की ‘तुझं काय जातंय, तिकडे सगळं छान’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. तरी घालतेच. कारण मी राहते त्या देशात लोकांसाठी माहिती निवडून द्यायचं काम खुद्द सरकार करतं, आणि एकदा त्यात ते चांगलंच तोंडघशी पडलंय.

स्वित्झर्लंडमध्ये वर्षातून साधारण चार वेळा लोक थेट एकेका प्रश्नावर मत देतात: पेन्शन, लढाऊ विमानं, कर, काहीही. मतदानाच्या तीन-चार आठवडे आधी प्रत्येक मतदाराच्या टपालपेटीत पाकीट पडतं. त्यात मतपत्रिका असते आणि केंद्र सरकारची एक छोटी पुस्तिका. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून हा शिरस्ता आहे. परदेशी असल्यामुळे मला इथे मत नाही. शेजारच्या आजींचं वाचून झालं की त्यांची पुस्तिका मी मागून आणते. प्रत्येक विषयाचा आधी थोडक्यात गोषवारा, मग तपशील, मग प्रस्ताव आणणाऱ्या समितीची बाजू, मग सरकार आणि संसदेची बाजू. दोन्ही सभागृहांत कुणाच्या बाजूनं किती हात वर झाले तो आकडा, आणि शेवटी कायद्याचा मजकूर जसाच्या तसा. सरकार तटस्थ असल्याचा आव अजिबात आणत नाही. ‘आम्ही नकार द्या असं सुचवतो’ असं सरळ छापतं, आणि त्याच पुस्तिकेत विरोधकांना त्यांच्या शब्दांत बोलू देतं.

आता तोंडघशी पडल्याचा किस्सा. २८ फेब्रुवारी २०१६ रोजी विवाहित जोडप्यांवरच्या जादा कराविरुद्ध एक प्रस्ताव मताला आला. दोघंही कमावत असतील तर लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांपेक्षा काही नवरा-बायकोंना जास्त कर पडतो, तो बंद करा, अशी मागणी होती. पुस्तिकेत सरकारनं सांगितलं, अशी दोघं कमावती जोडपी सुमारे ८० हजार आहेत. ५०.८ टक्के मतं विरोधात जाऊन प्रस्ताव पडला, फरक साधारण ५५ हजार मतांचा. दोन वर्षांनी सरकारनंच कबूल केलं, की आकडा चुकला, खरी संख्या ४ लाख ५४ हजारांच्या घरात आहे. प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल २०१९मध्ये लोझान शहरात असलेल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ते मतदानच रद्द केलं. देशपातळीवरचं मतदान रद्द होण्याची आधुनिक स्वित्झर्लंडच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ.

हे ग्रुपवर टाकलं तर पहिल्या मित्राचा लगेच मेसेज: ‘बघ, तिकडचं सरकारही थापा मारतं!’ मला नेमकं उलटं वाटतं. माहिती निवडणारा चुकणारच, कधी मुद्दामही चुकवणार. पण आकडा छापील होता, घरोघरी पोचला होता, खाली सही कुणाची ते ठाऊक होतं, म्हणून तीन वर्षांनी त्याला पकडता आलं. पहाटेच्या ‘सुप्रभात’मागोमाग येणाऱ्या फॉरवर्डला कुठल्या कोर्टात खेचणार? ‘सगळं पडलेलं आहे, शोधून घ्या’ म्हणणाऱ्या मैत्रिणीलाही माझं हेच सांगणं आहे. निवड टळत नाही. तुम्ही माणसावर सोपवली नाहीत तर अल्गोरिदम करतो, आणि त्याची सही कुठेच नसते.

इथल्या लोकांचं फार कौतुक करण्याचंही कारण नाही. मतदान बहुतेक वेळा पन्नास टक्क्यांच्या आतबाहेर. बऱ्याच पुस्तिका न उघडता रद्दीच्या गठ्ठ्यात सुतळीनं बांधल्या जातात, हे मी जिन्याखाली बघते. २०१८मध्ये रेडिओ-टीव्हीची सक्तीची फी बंद करायला ७१.६ टक्क्यांनी नकार देणाऱ्या याच लोकांनी २०२२मध्ये वृत्तपत्रांना वाढीव सरकारी मदत द्यायलाही ५४.६ टक्क्यांनी नकार दिला. म्हणजे चांगली बातमी सगळ्यांना हवी, बिल कुणी भरायचं यावर इथेही गाडी अडते.

पण वेळेचं गणित त्यांना जमलंय. माहिती निर्णयाच्या आधी येते, सोबत तारीख येते, आणि काय करायचं तेही.

आमचे बाबा कोथरूडला रोज दोन पेपर वाचतात. ट्रम्पचे टॅरिफ त्यांना तोंडपाठ. मतदानाच्या चार दिवस आधी फोनवर विचारलं, “बाबा, तुमच्या प्रभागात उभे कोण कोण आहेत?” पुण्यात ४१ प्रभाग, त्यांतल्या एकात पाच आणि बाकी सगळ्यांत चार नगरसेवक, म्हणजे एका मतदारानं किमान चार बटणं दाबायची. बाबा म्हणाले, “चिन्हं माहीत आहेत. माणसं कशाला?”

यात बाबांचा दोष काय? उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं जाहीर असतात, पण ती सुटी सुटी, कुणीतरी चाळून समोर ठेवली तर उपयोग. मुंबईत प्रजा फाउंडेशन नगरसेवकांची प्रगतिपुस्तकं काढायचं, कुणी किती प्रश्न विचारले वगैरे. मार्च २०२२मध्ये मुंबई-पुण्याच्या सभागृहांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रगतिपुस्तक काढायला नगरसेवकच उरले नाहीत. पुण्याचं २०२५-२६चं साडेबारा हजार कोटींहून मोठं अंदाजपत्रक प्रशासक असलेल्या आयुक्तांनी एकट्यानं मंजूर केलं. बातमी आली होती, लपवली कुणीच नाही. एक दिवस आली आणि गेली. ऑगस्ट २०२५मध्ये प्रभागरचनेचा आराखडा जाहीर झाला, हरकतींना जेमतेम पंधरवडा. जाहीर सूचना कायद्याप्रमाणे निघते. तिची भाषा अशी, की वकिलानंही दोनदा वाचावी. तिच्यात शेवटची तारीख सापडते, पण तुमच्या गल्लीचं काय होणार ते नाही. आणि निकालानंतर मात्र ‘प्रभाग असे का तोडले’ यावर लेखांचा पाऊस.

अशी पुस्तिका आपल्याकडे पालिकेनं छापावी असं मी म्हणणार नाही. पहिल्या चार पानांवर कुणाकुणाचे फोटो येतील ते आपल्याला ठाऊक आहे, आणि विरोधकांची बाजू छापायला जागा कमी पडेल. हे काम शहराच्या पेपरनं करावं. महिन्यातून एकदा, अर्धं पान पुरे: या महिन्यात पालिकेत काय ठरणार, त्यावर दोन बाजूंचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, हरकत कुठल्या क्षेत्रीय कार्यालयात आणि कुठल्या तारखेपर्यंत द्यायची. पुणे महापालिका २००६-०७पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, फूटपाथ, बाकडी, बसथांबे अशी. तो अर्जही त्याच पानावर छापता येईल. खाली निवड करणाऱ्या वार्ताहराचं नाव हवं, आणि आकडा चुकला तर पुढच्या महिन्यात त्याच जागी, त्याच टायपात दुरुस्ती.