कणकण म्हणजे फीव्हर नव्हे

मध्य प्रदेशात 2022 मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली, तेव्हापासून आपल्याकडेही 'डॉक्टरकी मराठीत शिकवा' हा वाद अधूनमधून पेटतो. भांडण सगळं पुस्तकांवरून. न्यूयॉर्कमधून बघताना वाटतं, मराठी आधी विद्यार्थ्याच्या वहीत यायला हवी.

इथे कोलंबिया विद्यापीठात डॉ. रीटा शॅरन यांनी 1993 मध्ये विद्यार्थ्यांना समांतर केसपेपर लिहायला लावला. रुग्णाबद्दल जे अधिकृत केसपेपरवर बसत नाही, पण कुठेतरी लिहायलाच हवं, ते साध्या भाषेत लिहायचं आणि गटात वाचायचं. आपल्या एमबीबीएसच्या 2019पासूनच्या अभ्यासक्रमातही चिंतनपर लेखन आहे. पण शिक्षकांची सही मिळवण्यासाठी, तेही इंग्रजीत लिहायचं म्हटल्यावर 'सहानुभूतीचे महत्त्व समजले' याखेरीज काय उतरणार?

अशा लेखन-गटाची पद्धत अवघड नाही. आठ-दहा जण, पानभराच्या आतला उतारा, दोनदा मोठ्याने वाचन. वीसेक मिनिटं फक्त मजकुरावर बोलायचं: कोण सांगतंय, काय गाळलंय. मग एक विषय देऊन चार-पाच मिनिटं लिहायचं. विषय सैल हवा. 'आजारपणाचं दुःख' म्हटलं की सगळे एकच रडगाणं गातात. 'डब्याचं झाकण' म्हटलं तर कुणी वॉर्डाबाहेर जिन्यात जेवणारी सून लिहितं. वेळ वाढवला की शेवटी बोध चिकटतोच. आणि कुणी आपलं लिखाण वाचून दाखवल्यावर 'किती सोसलंत हो!' म्हणायचं नाही, कुठलं वाक्य लागलं ते सांगायचं.

वेदना मोजायच्या मॅकगिल प्रश्नावलीत (1975) 78 इंग्रजी शब्द आहेत. आपल्याकडे दाढ ठणकते, गळू ठुसठुसतं, पाठीत उसण भरते, जखम चुरचुरते. केसपेपरवर सगळ्याचं 'पेन' होतं. थर्मामीटर ताप दाखवत नाही तरी अंगात कणकण असते, हे दुभाष्यालाही धड सांगता येत नाही. ते टिपायला पाठ्यपुस्तकाची वाट कशाला बघायची?

एक धोका आहे. रुग्णाचं नाव बदलून भागत नाही, तालुक्याच्या गावात माणूस लगेच ओळखू येतो. गाव, व्यवसाय, महिना, सगळं बदलावं आणि छापायचं तर त्याला विचारावं. आजाराचा क्रम मात्र गोष्टीच्या सोयीसाठी हलवू नये. डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा असतं. तुमच्या कथेत ते दोनदाच होत असेल, तर घरातले पैसे कुठे संपले तेही लिहावं लागेल.