‘नवी स्पोर्ट्स कार प्रत्येक बाबतीत सरस’ या दाव्याचा प्रतिवाद

गेले काही महिने सातारा परिसरातील गाडीप्रेमींच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा, की जुनी स्पोर्ट्स कार घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. नव्या गाडीची ताकद जास्त, तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स माणसाच्या हातापेक्षा चपळ, ती अधिक सुरक्षित, आणि म्हणून चालवण्याचा आनंद व पैशांचा मोबदला या दोन्ही गोष्टी नव्या गाडीतच मिळतात. यातील सुरक्षिततेचा मुद्दा मला मान्य आहे, बाकीचे नाहीत. हा मजकूर वाचून माझ्या एका तरुण मित्राने हाती आलेली उत्तम गाडी सोडून दिली, तेव्हापासून याला उत्तर द्यायचे मनात होते.

पहिला दावा ताकदीचा आहे. २०२० साली आलेली पोर्शे ९११ टर्बो एस ही ६५० अश्वशक्तीची गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग २.७ सेकंदांत गाठते, हे खरेच आहे. परंतु वाई सोडून पसरणीचा घाट चढू लागल्यावर पुढे एसटी, मागे पर्यटकांच्या गाड्या आणि दर थोड्या अंतरावर वळण असताना त्या ६५० पैकी किती अश्वशक्ती पायाखाली येणार आहे? १९८९ साली निघालेल्या माझदा एमएक्स-५ चे इंजिन १.६ लिटरचे, ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती आणि वजन हजार किलोच्या आत होते. ती गाडी आपल्याकडे अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण चालवण्याचा आनंद हलकेपणातून आणि समतोलातून येतो, हे तिने जगभर दाखवून दिले. आकाराचा विचार तर हा मजकूर करतच नाही. १९८० च्या दशकातील ९११ कॅरेरा १,६५२ मिलिमीटर रुंद होती आणि ९९२ या अलीकडच्या पिढीतील कॅरेरा १,८५२ मिलिमीटर आहे, म्हणजे तब्बल २० सेंटिमीटरची वाढ. केळघरच्या घाटात समोरून ट्रक आला, की एवढी जागा फार मोलाची ठरते.

दुसरा दावा असा, की नवे तंत्र अधिक अचूक असल्याने ते अधिक आनंददायी असते. येथे मोजमाप आणि अनुभव यांची गल्लत झाली आहे. हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये तेलाचा दाब चालकाला मदत करतो आणि चाकांवर येणारा ताण बऱ्याच अंशी तसाच हातापर्यंत पोहोचतो. विद्युत मोटरच्या स्टिअरिंगमध्ये तो ताण बराचसा गाळला जातो. ९११ मध्येही २०११ च्या ९९१ पिढीपासून विद्युत स्टिअरिंग आले, आणि ते चांगले असूनही जुन्याची आठवण काढणारे चालक आजही भेटतात. माझ्याकडे हायड्रॉलिक स्टिअरिंगची, वापरलेली अबार्थ पुंटो आहे. हे २०१५ साली ९.९५ लाखांच्या शोरूम किमतीला आलेले, १.४ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाचे, १४५ अश्वशक्तीचे मॉडेल रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असे. पावसाळ्यात पसरणीच्या घाटात दुसऱ्या गिअरवर वळण घेताना पाण्याबरोबर वाहून आलेली बारीक वाळू पुढच्या चाकाखाली आली, की स्टिअरिंग हातात क्षणभर हलके पडते. चाक सरकण्याआधीच ते कळते आणि पाय आपोआप सैल होतो. गाडी अशी बोलते, त्यासाठी मी ती ठेवली आहे.

गिअरबॉक्सविषयी थोडक्यात सांगायचे, तर ड्युअल-क्लच यंत्रणा (दोन क्लच वापरून स्वतःच गिअर बदलणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) माझ्या हातापेक्षा चपळ आहे यात वाद नाही. पण शर्यत लावायची नसताना त्या चपळाईचे करायचे काय? २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस १५० अश्वशक्तीची आणि पाच गिअरची मॅन्युअल होती. २०२५ ची २६५ अश्वशक्तीची आहे, पण फक्त ऑटोमॅटिक. क्लच आणि गिअर स्वतःच्या हातापायांनी जुळवण्यात ज्याला रस आहे, त्याच्यासाठी नव्या गाडीत ती सोयच उरलेली नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र नाकारता येत नाही. सर्व नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले आणि पुढच्या दोन एअरबॅग त्यानंतर. म्हणूनच या दोन गोष्टी नसलेली जुनी गाडी कितीही देखणी असली, तरी ती घाटात नेऊ नये, असे मी प्रत्येकाला सांगतो.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि या मजकुराची सर्वांत मोठी चूक येथेच आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रस्ता कर एकरकमी भरावा लागतो, म्हणजे १८ लाखांच्या गाडीला २ लाख १६ हजार रुपये. हा भार पहिला मालक उचलतो. विम्याच्या कोष्टकात पाचव्या वर्षापर्यंत गाडीचे मूल्य निम्म्यावर येते. बाजारभाव नेमका तसाच चालत नाही, पण घसरणीचा मोठा भाग पहिल्याच मालकाच्या माथी बसतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो, तोही हिशेबात धरावा.

जुन्या गाडीत पैसे बुडतात, ते ती न तपासता घेतल्यामुळे. कराडला मित्रासोबत पाहिलेल्या एका गाडीचे टायर वरून नवेकोरे दिसत होते, नक्षीही खोल होती. गुडघ्यावर बसून मोबाइलच्या उजेडात टायरच्या बाजूचे शेवटचे चार आकडे वाचले, तर ०८१६, म्हणजे २०१६ च्या आठव्या आठवड्यातला माल. रबर कडक झालेले होते आणि बोटाने दाबल्यावर बारीक भेगा उघडत होत्या. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतील भाग एकमेकांशी जुळवून फिरवणारा पट्टा) कधी बदलला, याची पावती मालकाकडे नव्हती. चार टायर, बेल्ट आणि शॉकअपचे रबरी बुश यांचा खर्च आमच्या मेस्त्रींकडून कागदावर लिहून घेतला आणि सांगितलेल्या किमतीतून तेवढी रक्कम वजा करून मागितली. मालकाने दोन दिवसांनी होकार कळवला. पण तोवर मित्राने हा मजकूर वाचला होता.