पट्टा झाकायचा की नाही, ते तिला ठरवू द्या

दर ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू व्हायच्या आधी, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांत ‘रश’ चालतो. रश म्हणजे सोरॉरिटीत शिरण्यासाठीची निवडप्रक्रिया. सोरॉरिटी ही मुलींची संघटना. राहायला मोठं घर, जेवणाचा हॉल, वर्षभराचे कार्यक्रम, समाजकार्यासाठी जमवलेला निधी, आणि पुढे नोकरी शोधताना कामी येणाऱ्या ओळखी, हे सगळं तिच्यासोबत येतं. अशा 26 राष्ट्रीय संघटनांची नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही शिखर संस्था 1902 पासून आहे. एकट्या अलाबामा विद्यापीठात दर वर्षी अडीच हजारांच्या आसपास मुली रशला उतरतात. 2021 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मुलींनी रोज सकाळी ‘आज मी काय घातलंय’ हे एकेका वस्तूच्या ब्रँडसकट सांगणारे व्हिडिओ टिकटॉकवर टाकले आणि ते जगभर पाहिले गेले. तेव्हापासून रशचे कपडे हा स्वतंत्र विषयच झाला आहे.

माझी भाची अशाच एका विद्यापीठात रशला उतरली. सौम्य सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या दोषाने स्नायूंवरचा ताबा कमी होतो तो विकार) तिच्या दोन्ही पायांना गुडघ्याखाली प्लास्टिकचे ब्रेस असतात. आमच्या मिरजेच्या घरात त्यांना अजून कॅलिपरच म्हणतात. ते घालून ती चालते, जिने चढते, गाडी चालवते. लांब अंतर आणि ताटकळत उभं राहणं मात्र तिला जड जातं.

काय घालावं याचे सल्ले दोन दिशांनी आले. तिकडून माझी आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “अगं, लांब घेरदार काहीतरी घे. खाली कोण बघतंय? कळणारसुद्धा नाही कुणाला.” इकडच्या तिच्या मैत्रिणी आणि एक समुपदेशक बाई म्हणाल्या की आखूड ड्रेस घाल, ब्रेस दिमाखात दाखव, तुला पाहून कितीतरी मुलींना बळ येईल. दोघींकडची माया खरी होती. पण भाचीने मला बाजूला घेऊन सांगितलं, “मावशी, मला कुणाची इन्स्पिरेशन व्हायचं नाहीये आणि मला काही लपवायचंही नाहीये. मला तो पिवळा ड्रेस आवडलाय, एवढंच.”

मला यावर लिहावंसं वाटलं ते या ‘एवढंच’साठी. ‘झाक’ हा हुकूम आहे आणि ‘मिरव’ हाही हुकूमच आहे. दोन्हीकडे मुलीच्या पायांचं काय करायचं ते दुसरं कुणीतरी ठरवतं.

ब्रेसवर कपडे निवडणं म्हणजे नेमकं काय, हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून जरा तपशिलात सांगते. हा ब्रेस पायाचा साचा घेऊन बनवतात. तळपायाखालून टाचेमागून वर पोटरीपर्यंत येणारं एकसंध प्लास्टिक आणि पोटरीवर व्हेलक्रोचा पट्टा. लहान मुलांच्या ब्रेसवर फुलपाखरांची नाहीतर डायनासोरची छापील नक्षी उमटवून मिळते. भाचीने पाचवी-सहावीत असताना जांभळी फुलपाखरं निवडली होती, आता काळे आहेत. हा ब्रेस ठरावीक उंचीच्या टाचेच्या बुटात बसेल असा जुळवलेला असतो. टाच थोडी जरी उंच झाली तरी नडगी पुढे कलते, गुडघा वाकतो, तोल जातो. त्यामुळे शेवटच्या दिवशी बाकीच्या मुली ज्या उंच टाचा घालतात, त्या हिच्यासाठी आवडीनिवडीचा प्रश्नच नसतात. बूट नेहमीपेक्षा मोठा घ्यावा लागतो, आतली गादी काढावी लागते, नाडी अगदी शेवटच्या भोकापर्यंत सैल करावी लागते. तिच्या दोन पायांचं मापही सारखं नाही. नॉर्डस्ट्रॉमसारखी काही दुकानं दोन पायांत निदान दीड मापाचा फरक असला तर जोडी फोडून देतात. बहुतेक ठिकाणी दोन जोड विकत घ्यावे लागतात.

मग ड्रेस. ड्रेसची कड बरोबर पट्ट्यावर आली तर व्हेलक्रोचा खरखरीत भाग कापड धरतो. तिच्या पहिल्या लेसच्या ड्रेसचा धागा असाच ओढला जाऊन खालची सगळी किनार चुरगळली. आजी म्हणते तसा पायघोळ ड्रेस जिना चढताना ब्रेसच्या पुढच्या टोकाखाली अडकतो, म्हणजे झाकण्याच्या नादात पडायची भीती. वरचं आणि खालचं एकसंध असलेले रॉम्पर सुंदर दिसतात, पण अरुंद स्वच्छतागृहात सगळा पोशाख खांद्यापासून उतरवताना धरायला काही नसतं. म्हणून पट्ट्याच्या चांगलं वर थांबणारा, नाहीतर पोटरीच्या बराच खाली पण घोट्याच्या वर राहणारा ड्रेस घ्यायचा. तो उभं राहून बघायचा, तसाच खुर्चीत बसूनही बघायचा, कारण बसल्यावर कड चार बोटं वर सरकते. आत बिनशिवणीचे लांब मोजे घालायचे आणि पिशवीत कोरडे मोजे ठेवायचे. दक्षिणेतल्या ऑगस्टमध्ये प्लास्टिकच्या आत घाम साठतो, कातडी लाल होते, आणि ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात तो लालपणा गेला नाही तर ब्रेस बनवणाऱ्याकडे जावं लागतं. पिवळा ड्रेस या सगळ्या कसोट्यांतून पार पडला. पांढऱ्या बुटांवर तो तिला फार छान दिसला, हे मावशी म्हणून लिहिलं तर चालेल.

पण हे सगळं जमवल्यावरही कपड्यांचा निम्माच प्रश्न सुटला होता. उरलेला निम्मा अंतराचा, उन्हाचा आणि उभं राहण्याचा होता. रशच्या पहिल्या दिवसांत मुली एका घरातून दुसऱ्या घरात जातात. प्रत्येक घरासमोर हिरवळीवर नावांच्या क्रमाने रांग लागते, दार उघडतं, आतल्या मुली गाणं म्हणत स्वागत करतात, मग ठरावीक वेळ गप्पा होतात आणि पुढच्या घराची वाट धरायची. त्या गप्पाही बहुतेक उभ्यानेच. शेवटी ज्या घराचं बोलावणं येईल तिकडे धावत जायची प्रथा आहे. अलाबामात तर फुटबॉलच्या स्टेडियममधून हा लोंढा निघतो. नोंदणीच्या अर्जात मुलीचे गुण विचारतात, आवडी विचारतात, फोटो मागतात. भाचीच्या अर्जात अंतराबद्दल किंवा बसण्याच्या सोयीबद्दल एक ओळ नव्हती. रांगेत एक खुर्ची असती, दोन घरांच्या मध्ये एक छोटी गाडी असती, तर तिला पायांचा इतका हिशेब करून कपडे निवडावे लागले नसते. समाजाने करायची कामं अशी गुपचूप मुलीच्या कपाटात ढकलली जातात आणि मग आपण तिला ‘योग्य पोशाख’ सुचवत बसतो.

इथे अनेक मराठी वाचक विचारतील की हा थिल्लरपणा हवाच कशाला? आमच्या अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळातही हे ऐकलं. “इंजिनिअरिंगला गेलीय ना, अभ्यास करावा.” या प्रश्नामागचा विचार मला मायदेशातल्या वादांमध्येही दिसतो. 2024 च्या जुलैमध्ये प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांचं प्रकरण गाजलं, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांबद्दलचे आरोप झाले, यूपीएससीने उमेदवारी रद्द केली. त्याच दिवसांत तेलंगणातल्या एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्यांनी जाहीरपणे विचारलं की विमान कंपनी अपंग वैमानिक घेईल का, मग या सेवेत अपंगांचा कोटा कशाला. बनावट प्रमाणपत्रं शोधलीच पाहिजेत, त्यांनी खऱ्या माणसाची जागा जाते. पण त्यानंतर जी नजर तयार झाली ती मला इतक्या दूरवरून वाचतानाही जाणवते. चांगला चालणारा, हसणारा, नीटनेटके कपडे घातलेला अपंग माणूस दिसला की लोक विचारतात, याला खरंच काही झालंय का? दुसऱ्या टोकाला कौतुक आहे. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य जिंकलं, त्याच जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये सुवर्ण आणलं होतं, आणि आम्हा सगळ्यांची छाती फुगली. फुगायलाच हवी. पण लबाड आणि विजेता या दोघांच्या मधे जी मुलगी आहे, जिला पदक आणायचं नाही आणि कोटाही मागायचा नाही, जिला फक्त नटून चार मैत्रिणींत बसायचं आहे, तिच्या हौसेला आपल्या चर्चेत जागाच नाही. साडी डेला तिने काय नेसावं, गॅदरिंगच्या रंगमंचाला उतार आहे का, याच्या बातम्या होत नाहीत. हौस हा अधिकार नसेल, पण धडधाकट मुलीला ती सिद्ध करावी लागत नाही.

अमेरिकेला याचं पूर्ण श्रेय देता येत नाही, आणि मायदेशाला पूर्ण दोषही नाही. 12 मार्च 1990 ला अपंग कार्यकर्त्यांनी कुबड्या आणि चाकांच्या खुर्च्या खाली टाकून वॉशिंग्टनमधल्या कॅपिटॉलच्या पायऱ्या सरपटत चढून दाखवल्या. त्याच वर्षी जुलैत इथला अपंगांविषयीचा मोठा कायदा झाला. त्यामुळे भाचीच्या शाळेला उतार होता, बसला लिफ्ट होती, यासाठी माझ्या बहिणीला कुणाच्या हातापाया पडावं लागलं नाही. पण खासगी क्लबांना त्या कायद्यातून सूट आहे, आणि आपले सदस्य आपणच निवडणाऱ्या संघटना त्या सुटीकडे बोट दाखवू शकतात. म्हणजे वर्गात जायचा हक्क कायद्याने दिला, पण कुणाच्या तरी दिवाणखान्यात हवंहवंसं वाटण्याची गोष्ट तो देऊ शकत नाही.

भारतात आम्ही तिला एकदा देवीच्या दर्शनाला नेलं होतं. चपला-बूट बाहेर काढायचे, हे सगळ्यांना सारखंच. पण बूट काढल्यावर नुसता ब्रेस ओल्या फरशीवर साबणासारखा सरकतो आणि पायाचा कोनही बदलतो. रखवालदार नियम सोडेना. तेव्हा रांगेतल्या तीन अनोळखी बायकांनी न विचारता तिला दोन्ही बाजूंनी धरलं आणि गाभाऱ्यापर्यंत नेलं. एकीने आपला नारळ तिच्या हातात दिला. त्याच बायकांनी परत येताना विचारलं, “जन्मापासून का? आणि लग्नाचं काय बघणार?” इथे रशच्या आठवड्यात तिला असं कुणीही विचारलं नाही. कुणी धरलंही नाही. मला दोन्हींतलं एक निवडायला सांगू नका. त्या हातांचं मोल मला ठाऊक आहे आणि तो प्रश्न ऐकून भाचीचा चेहरा कसा झाला तेही मी पाहिलंय. आज महाराष्ट्रातल्या देवळांत वस्त्रसंहितेवर एवढी चर्चा चालते. गुडघा दिसला की नाही यावर भांडणाऱ्यांनी कॅलिपर घातलेल्या भक्ताने फरशीवर चालायचं कसं, हेही एकदा नियमावलीत लिहावं.

भाचीला दुसऱ्या फेरीनंतर आवडलेल्या तीन घरांनी गाळलं. कारण कळत नाही, कुणालाच कळत नाही, पद्धतच तशी आहे. ब्रेसमुळे गाळलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण कारण न देता होणाऱ्या निवडीत हा संशय मुलीच्या मनात कायम राहतो. भारतातल्या 2016 च्या अपंग हक्क कायद्यावर मी कितीही कुरकुर केली, तरी त्यात प्रमाणपत्र नाकारलं तर दाद मागायची सोय आहे. इथे दाद मागावी असं कागदावर काहीच नसतं. शेवटी एका लहानशा घराचं बोलावणं आलं, ती तिथे रमली आहे, आणि पिवळा ड्रेस तिने आत्तापर्यंत तीनदा तरी घातलाय.

त्यानंतर तिने रशचं काम बघणाऱ्या विद्यार्थी मंडळाला पत्र लिहिलं. अर्जात एक प्रश्न घाला: चालण्यासाठी, उभं राहण्यासाठी काही सोय हवी का? रांगेत सगळ्यांसाठी खुर्च्या ठेवा, म्हणजे बसणारी वेगळी दिसणार नाही. घरांमधली अंतरं आणि पायऱ्या आधी कळवा. ‘शेवटच्या दिवशी टाचेचे बूट’ असा सल्ला पत्रकातून काढा. उत्तर आलं की पुढच्या वर्षी मागेल तिला गाडी मिळेल आणि अर्जात प्रश्नही येईल, खुर्च्यांचं मात्र परंपरेमुळे कठीण आहे. खुर्च्यांसाठी तिने पुन्हा लिहिलंय. मी त्या पत्राचा मराठी मसुदा करून मिरजेच्या ओळखीतल्या दोन प्राध्यापकांना पाठवला आहे, यंदाच्या साडी डेच्या आधी त्यांच्या कॉलेजात वाचला जावा म्हणून.