आत पेंढाच!

विज्ञानकथेतली टॅक्सिडर्मी, म्हणजे मेलेल्या प्राण्याच्या कातड्यात पेंढा भरून तो जिवंतासारखा उभा करण्याची कला, म्हटलं की बहुतेकांना 'प्लॅनेट ऑफ द एप्स' हा १९६८ चा सिनेमा आठवतो. वानरांचं राज्य असलेल्या ग्रहावर जीव मुठीत धरून पळणारा अंतराळवीर टेलर वानरांच्या संग्रहालयात शिरतो, आणि तिथे त्याचाच सहकारी डॉज पेंढा भरून उभा केलेला! अंगावर काटा येतो, वादच नाही. पण मला विचाराल तर या विषयावरची खरी बिलंदर गोष्ट त्याच्या ७४ वर्षं आधीच लिहून झाली होती.

इंग्रज विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स, १८९४, 'द ट्रायम्फ्स ऑफ अ टॅक्सिडर्मिस्ट'. चार-पाच पानांचा ऐवज. ना यान, ना परग्रह. एक टॅक्सिडर्मिस्ट गप्पांच्या ओघात आपल्या लबाड्या फुशारकीने सांगतो, बस्स. दुसऱ्याच पक्ष्याची पिसं लावून तो ग्रेट ऑक हा नामशेष झालेला समुद्रपक्षी 'बनवतो'. त्याने समाधान होईना, म्हणून मग करकोचा आणि टूकन या मोठ्या चोचीच्या पक्ष्याचे सांगाडे जोडून, वर मिळतील ती पिसं चिकटवून एक नवाच पक्षी जन्माला घालतो. लॅटिन नावासकट!

एक मित्र म्हणाला, "ही कसली विज्ञानकथा? ही तर ठकसेनाची गोष्ट." अरे, पण ठकवलं कुणाला? शेवटची ज्ञात ग्रेट ऑकची जोडी १८४४ मध्ये आइसलंडजवळच्या एल्डे बेटावर मारली गेली, तीही संग्राहकांच्या हौसेपायी. पक्षी संपला आणि कातड्याचा भाव चढला. उलटा प्रकारही घडलेला आहे. प्लॅटिपस या बदकासारख्या चोचीच्या ऑस्ट्रेलियन सस्तन प्राण्याचं कातडं ब्रिटनमध्ये पोचलं तेव्हा १७९९ मध्ये जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाला वाटलं, कुणीतरी बदकाची चोच शिवून दिली असावी. खऱ्या प्राण्यावरही विश्वास बसू नये, इतकी कारागिरी मुरलेली! पुरावा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न विज्ञानकथेचा नाही तर कुणाचा?

आणि हे जुनं झालेलं नाही. २०२५ मध्ये कोलॉसल बायोसायन्सेस या अमेरिकन कंपनीने हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला डायर वुल्फ हा लांडग्यासारखा प्राणी परत आणल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात काय, तर करड्या लांडग्याच्या १४ जनुकांत २० बदल. तंत्र थक्क करणारं आहे, मान्य. पण मला राहून राहून तो करकोचा-टूकनच आठवत होता. फरक इतकाच की हा श्वास घेतो.

वेल्सच्या ठकाने आपल्या पक्ष्याच्या नावात 'जेजुना' घातलं होतं. लॅटिनमध्ये रिकामी. आत पेंढ्याशिवाय काही नाही, म्हणून. लांडग्याच्या पिल्लांची नावं मात्र भारदस्त: दंतकथेत लांडगीने वाढवलेले रोमचे संस्थापक रोम्युलस आणि रेमस, आणि 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतली खलीसी.