तूरौ

लातूरच्या एका आडतीवर रोजच्या भावाचा कागद मी टाइप करतो, आणि तोही ईमॅक्स नावाच्या जुन्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये. ही करणी भाच्याची. पुण्यातली नोकरी तो इथल्याच माळवदावर बसून करतो. "मामा, हा एडिटर स्वतःची माहिती स्वतःच सांगतो. मला फोन लावायचं कामच नाही तुम्हाला."

सांगतो हे खरं. कंट्रोल-एच दाबून के दाबायचं, मग जिच्याबद्दल शंका आहे ती कळ दाबायची. पडदा दुभागतो, खालच्या अर्ध्यात माहिती. वाचून झालं की क्यू दाबून खिडकी बंद.

फक्त एक गोम आहे. माहिती खाली उघडते, कर्सर वरच राहतो. मी क्यू दाबला, तो थेट भावाच्या कागदात. त्यात माझा कीबोर्ड इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांच्या मांडणीचा, आणि इनस्क्रिप्टमध्ये क्यूच्या जागी औकाराची मात्रा बसलेली. कर्सर नेमका 'तूर' या शब्दाला चिकटून उभा होता.

छापून भिंतीवर लागलं: सोयाबीन, हरभरा, तूरौ.

दुपारी औसा भागातल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "ही नवी जात हाय का? बी कुठं मिळतंय?" मालकांनी चष्मा कपाळावर नेऊन माझ्याकडं पाहिलं. बोलले काही नाहीत.

रविवारी चुरमुऱ्यांची सुशीला खाता खाता मी भाच्याला धरलं. मदत मागितली तर कर्सर मदतीच्या खिडकीत जायला नको का?

"अहो, मदत मागितली म्हणून हातातलं काम काढून घ्यायचं का? तुम्ही वर लिहा, खाली वाचा. सरकवायला कंट्रोल-मेटा-व्ही आहे की."

"मेटा कुठंय?"

"ऑल्ट म्हणजेच मेटा."

"मग ऑल्ट म्हणायला काय दुखायलंय?"

"जुन्या कीबोर्डावर मेटाच लिहिलेलं होतं, मामा." १९८५ पासून ग्नू ईमॅक्स, म्हणजे हाच एडिटर, चालू आहे. इतक्या वर्षांत कीबोर्ड बदलले, नाव नाही. काही जुन्या टर्मिनलांवर तर बॅकस्पेस म्हणजेच कंट्रोल-एच जायचं. माणूस चूक खोडायला जायचा आणि समोर मदत उघडायची. त्या मानानं माझं तूरौ किरकोळच.

मी उदाहरणाला लातूरच्या बाजारातली गंजगोलाई काढली. तिथं सोळा रस्ते फुटतात. पत्ता विचारला तर आपला माणूस नुसतं बोट दाखवत नाही, पिशवी काखेत मारून संगं चालायला लागतो.

"आणि परत आणून कोण सोडणार?"

"क्यू!"

भाचा गप्प झाला. (तोंडात सुशीला होती, हेही खरं.) मग त्यानं हेल्प-विंडो-सिलेक्ट नावाची एक सेटिंग उघडली. मुळात तिची किंमत निल (म्हणजे नाही) असते, ती त्यानं टी (म्हणजे हो) केली. म्हणजे एवढी सोय आधीच होती, आणि आम्ही दोन बश्या वाद घातला.

सोमवारी मदत उघडली, कर्सर गुमान खाली गेला. मी वाचलं, आणि क्यू विसरून तिथंच हरभऱ्याचं नाव टाइप करत सुटलो. प्रत्येक अक्षराला टुंग. ही कळ इथं चालत नाही म्हणे. पाच मिनिटं टुंग टुंग ऐकून हमाल डोकावून गेला, कुणाचा फोन वाजायलाय म्हणून.

भाच्याला सांगितलं तर म्हणाला, तिसरी किंमतही आहे, अदर. खिडक्या दोनाहून जास्त असल्या तरच कर्सर उडी मारतो. हे ज्यानं काढलं त्याच्या घरीही मामा-भाचे असणार.

मी टी-वरच आहे, क्यूची सवय लागायलीय. आडतीवर मात्र हमालांनी माझं नाव पक्कं केलंय. सकाळी पायरी चढलो की आवाज येतो, "तूरौ सर आले, भाव लावा!"